गळ्यातली सून

"हॅलो?… हॅलो! कोण पावणं?… आवो, मोठ्यानं बोला की, गिरणी चालू हाय हितं!"

हाफिजाने रिसीव्हर एका कानाशी दाबून धरला आणि दुसऱ्या कानात बोट घातलं. फोन झुंबरबाईंच्या पिठाच्या गिरणीत होता. शनिवार पेठेतल्या त्या बोळात दुसरा फोन नव्हता. त्यामुळे बोळातल्या सोयरिकी, बाळंतपणं आणि मयती सगळं काही पट्ट्याच्या खडखडाटात आणि पिठाच्या धुरळ्यात ओरडून सांगितलं जायचं.

"ट्रंक कॉल? कुठनं?… मलकापूर! व्हय, व्हय, मी हाफिजाच. पर आपण कोण?… मौलाभाई व्हय?… मौलाभाई, सलमा कुठाय? तिला काय झालं? तिला बोलवा की जरा…"

पलीकडून काहीतरी सांगितलं गेलं आणि हाफिजाचा चेहरा उतरला.

"…सलमे? तूच बोलतीस?"

झुंबरबाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि न सांगता मोटर बंद केली. गिरणी धापा टाकत थांबली. दळणाला आलेल्या दोघीतिघी बायका डब्यांवर हात ठेवून ऐकत उभ्या राहिल्या.

सलमा हाफिजाची धाकटी बहीण. मलकापुरात मुलींच्या शाळेत मास्तरीण. लहानपणी ती गडमुडशिंगीच्या घरात पाढे म्हणायला लागली की चार घरं पलीकडे ऐकू जायचे, इतका तिचा आवाज टिपेचा आणि लख्ख. आज कानात पडत होता तो आवाज जाडाभरडा होता, एखादा गडी झोपेतून उठून बोलावा तसा. समोरासमोर बोलताना माणूस तोंडाकडे बघतं, हसण्याकडे बघतं. फोनवर नुसता आवाज उरतो. बहिणीचा आवाज हाफिजाला तिच्या नवऱ्याचा, मौलाभाईंचा वाटला होता, आणि ते बहिणीला कळलंही होतं.

"न्हाय न्हाय, वळखलं की… लाईनीत खरखर हाय गं, म्हणून… आगं, मी काय मुद्दाम म्हणाले व्हय?… रडतीस कशाला? ऐक तरी. ऐक ना सलमे… आलाय. रिपोर्ट आलाय. आत्ता डॉक्टरीणबाईंकडनंच येते. दळण टाकायला म्हणून हितं टेकले तर तुझाच फोन."

हा रिपोर्ट कसा निघाला, तीही एक गंमतच. दिवाळीच्या सुट्टीत सलमा कोल्हापूरला आली होती. हाफिजाचा नवरा चमन गाद्या भरायचा, कापसाच्या धुळीने त्याला खोकला लागलेला. त्याला राजारामपुरीत डॉक्टरीणबाईंकडे नेताना सलमा सोबतीला गेली. बाईंनी चमनला औषध लिहून दिलं, पण नजर सगळा वेळ सलमावर. तिच्या सुजऱ्या पापण्या बघितल्या, विरळ झालेल्या भुवया बघितल्या, हाताची कोरडी कातडी चोळून बघितली. मग तिला खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटक्यात हललं, पण जागेवर परत यायला त्याने इतका वेळ घेतला की बघणाऱ्या हाफिजालाही ते वेगळं वाटलं. बाईंनी सलमाच्या दंडाला रबरी नळी बांधली आणि रक्त काढून घेतलं. ते बर्फात घालून मुंबईला गेलं. इथे ती तपासणी होत नव्हती.

"न्हाय, तसलं काय न्हाय… आगं न्हाय म्हणते ना, गाठबीठ न्हाय!… वेड तर न्हायच न्हाय. कुणी सांगितलं तुला वेड म्हणून?… थायरॉईड. था-य-रॉ-ईड… गळ्यात एक ग्रंथी असती, फुलपाखरागत. कंठाच्या खाली, ही बघ हितं…"

तिने बोट आपल्या गळ्यावर टेकवलं आणि स्वतःशीच हसली.

"तुला कसं दिसंल म्हणा. मी हितं हात लावून दाखवायला लागले… तर ती ग्रंथी रक्तात एक रस सोडती. हार्मोन म्हणत्यात त्याला. असतो केवढा, डोळ्याला दिसायचा न्हाय एवढा. पर त्याच्यावर अख्खं शरीर चालतंय… अंगातली ऊब, पोट, केस, कातडी, झोप, डोक्यातलं आठवायचं, समदं… तुझी ग्रंथी रस सोडंना झालीय. एवढंच झालंय… व्हय, थंडी वाजती ती त्यानंच… ते पण… आवाज पण त्यानंच, तर… वजन? आगं, दोन घास खातीस तू, तुझं वजन वाढंल कशानं? त्यानंच की…"

मग ती भिंतीकडे तोंड करून कुजबुजली.

"ते पण त्यानंच. महिन्याचं जास्त जातंय ते… आगं, हळू बोलते, हितं बायका हाईत दळणाला."

एका बाईने उगाचच आपल्या डब्याचं झाकण उघडून बघितलं.

"काय?… एवढ्या सगळ्याला एकच कारण कसं?… मी पण त्येच विचारलं. इतकी वर्षं रक्त वाढायचं औषध घेतलंस, ताकदीची इंजेक्शनं घेतलीस, पोटाची पावडर घेतलीस. दर दुखण्याचा वेगळा डॉक्टर. कुणी सगळी मिळून बघितलीच न्हाईत की… व्हय… व्हय, रिपोर्टमधी काय ते सांगते. दोन आकडं हाईत बघ. एक लई कमी हाय, आन दुसरा लई म्हणजे लईच जास्त. मला वाटलं छापणाऱ्याचं चुकलं. बाई म्हणाल्या, चुकलं न्हाय, असंच असतंय. आता नीट ऐक. डोक्यात आणिक एक ग्रंथी असती, हरभऱ्याएवढी. ती सगळ्यांवर नजर ठेवती. ती सासू. आन गळ्यातली ही सून. सुनंनं काम करायचं सोडलं की सासू आवाज चढवती. मुंबईला रक्तात दोन्ही मोजत्यात, सुनंनं काम किती केलं आन सासू किती वरडली. तुझी सासू आभाळ डोक्यावर घेऊन वरडायलीय…"

पलीकडे काहीतरी घाईघाईने बोललं गेलं. हाफिजाने जीभ चावली.

"न्हाय गं! तुझ्या सासूबाई न्हाय, डोक्यातली!… त्या शेजारी हाईत व्हय? ऐकू आलं त्यांना?… हसायल्यात? मग हसू देत. सलाम सांग त्यांना."

गिरणीत झुंबरबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. पण पलीकडून सलमाने जे विचारलं त्याने हाफिजाचं हसू ओठावरच थांबलं.

"…न्हाय सलमे. आळशी न्हाय. मी पण तसंच म्हणाले बघ, की सून आळशी म्हणायची. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, सून आळशी न्हाय, आजारी हाय. आपल्याच अंगातलं काहीतरी तिच्यावर उठतंय आन तिला झिजवतंय. सासूला त्यातलं काय ठाऊक? तिला काम झालं न्हाय एवढंच दिसतंय. म्हणून ती वरडत राहती… हॅलो?… हाईस का?… व्हय ऑपरेटरबाई, बोलतोय, बोलतोय. तोडू नका. येळ वाढवा… सलमे, सांग त्यांना वाढवा म्हणून."

लाईनीत खरखर झाली आणि पुन्हा तो जाड, संथ आवाज आला. आता तो काही तरी एका दमात सांगत होता. हाफिजा ऐकता ऐकता ताठ झाली.

"काय म्हणालीस?… राजीनामा?… कसला राजीनामा? कवा लिहिलास?… आन कुणाला विचारून?"

सलमा मलकापूरच्या टपाल कचेरीतून बोलत होती. तिथून ती तडक शाळेत जाणार होती, मुख्याध्यापक आकाराम मास्तरांच्या हातात राजीनामा द्यायला. लिहिलेला कागद तिच्या पर्समध्ये होता. हे हाफिजाला आत्ता कळत होतं, आणि त्याबरोबर बाकीचंही, जे सलमाने दिवाळीत चार दिवस एका घरात राहून सांगितलं नव्हतं.

"वर्गात?… खुर्चीवर?… मग झोप लागली तर लागली गं… आन पोरींनी काय केलं?… गप्प बसल्या? दार लोटून घेतलं?… बघ की, तुला जपायल्यात त्या पोरी… न्हाय, मला ठाऊक हाय, तुला त्याचंच जास्त लागलं असणार."

गेल्या वर्षापासून सलमाला मुलींची नावं आठवेनाशी झाली होती. हजेरी घेताना डोळे नावावरून फिरायचे आणि समोरचा चेहरा अनोळखी वाटायचा. फळ्यावर गणित मांडायला सुरुवात करायची आणि मध्येच हात थांबायचा. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नव्हता. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला नाही, नुसतं तिच्याकडे बघितलं, आणि ते बघणं शेऱ्यापेक्षा वाईट होतं. आपलं डोकं कामातून गेलं, असं तिने मनाशी धरून टाकलं होतं. आणि डोकं गेलेल्या बाईने पोरींचं नुकसान करत पगार घेऊ नये, हेही.

"हे बघ, तू माझं ऐक… आगं आधी ऐक तर खरं!… आजारी माणूस रजा घेतंय. राजीनामा न्हाय देत… मौलाभाईंना टायफॉईड झालता तवा त्यांनी काय केलं? नोकरी सोडली का?… मग? त्यो आजार आन ह्यो आजार न्हाय व्हय?… ताप मोजता येतो म्हणून खरा. आता तुझा पण मोजून आलाय. कागदावर हाय. मुंबईच्या लोकांनी तुझं तोंड बघितलं न्हाय, तू आळशी हाईस का शहाणी त्यांना ठाऊक न्हाय. त्यांनी नुसतं रक्त बघितलं…"

हे वाक्य ती काही ठरवून बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच ते पटलं. बहिणीच्या तोंडाकडे बघून आजवर प्रत्येकाने काही ना काही ठरवलं होतं, तिनेही.

"गोळी हाय की त्याला. ग्रंथी जो रस सोडायची त्योच गोळीत असतोय… परका न्हाय गं, आपल्यातलाच… लगीच न्हाय. बाई म्हणाल्या, हळूहळू. थोडी थोडी वाढवायची. काही आठवडे जातील. मग परत रक्त द्यायचं, सासूचा आवाज उतरला का बघायचं… एका दिवसात उड्या मारायला लागशील असं मी म्हणत न्हाय… शाळेचं? डोकं पण परत चालतंय म्हणाल्या. मी हात धरून विचारलं त्यांना, डोक्याचं खरं सांगा म्हणून… व्हय. तसंच म्हणाल्या… कोण? खाला बोलणार? दे, दे."

हाफिजाने डोक्यावरचा पदर सारखा केला, जणू सलमाची सासू दारातून आत आली.

"सलाम खाला. बरं हाय ना?… व्हय, सासू म्हणाले ती डोक्यातली हो, तुमच्यावर न्हाय… जन्मभर. व्हय, गोळी जन्मभर घ्यायची… असं कसं म्हणता? तुम्ही चष्मा लावता का न्हाय? आज ना उद्या नजर चांगली हुईल म्हणून काढून ठेवलाय का?… मग तसंच समजा… तावीज? असू दे की. तावीज दंडाला, गोळी पोटात. त्यांचं भांडण न्हाय… सकाळी उठल्या उठल्या, अनशापोटी, नुसत्या पाण्यासंगं. चहा मागनं, जरा वेळानं… तुम्ही द्याल? सोताच्या हातानं?… लई उपकार… न्हाय हो खाला. तुम्हाला कोण बोललं? चूल तुम्ही, पाणी तुम्ही, पोरांचं तुम्ही. ह्या वयात. मला काय दिसत न्हाय व्हय?… तुमच्या तोंडून गेलं असंल काही. कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला तरी कुठं ठाऊक व्हतं… रडू नका. टपाल कचेरीत माणसं बघत असतील… द्या सलमाकडं."

पुन्हा सलमा आली. पण आता ती राजीनाम्याचं बोलत नव्हती. तिने एकच प्रश्न विचारला.

हाफिजा मागे सरकून गव्हाच्या पोत्यावर बसली.

"व्हय… मी सांगितलं त्यांना अम्माचं… त्यांनीच विचारलं, घरात कुणाला असं व्हतं का म्हणून."

त्यांची अम्मा, नजीरा. वैशाखाच्या उन्हातही चुलीपुढे शाल पांघरून बसायची. बोलायला लागली की एकेक शब्द खोल विहिरीतून ओढून काढल्यासारखा बाहेर यायचा. भाकरी तव्यावर टाकायची आणि विसरायची. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले. गडमुडशिंगीत तिचं नाव झोपाळू नजीरा असं पडलं होतं. हौदावर बायका ते तिच्यासमोरच म्हणायच्या, तीही हसायची, पण तेही उशिरा, बाकीच्यांचं हसून झाल्यावर. एका थंडीत ती झोपली आणि उठलीच नाही. मयतीला आलेल्यांतही कोणीतरी म्हणालं, झोपेची भारी आवड होती, झोपेतच गेली. दोघी पोरींनी ते ऐकलं होतं आणि त्यांनाही ते खरंच वाटलं होतं.

"मी सगळं सांगितलं. शालीचं, चुलीचं, आवाजाचं… त्यांनी मधी एकदा पण तोडलं न्हाय. मग म्हणाल्या, बहुतेक त्येच असणार… आता नक्की कसं सांगणार सलमे? माती झालेल्या माणसाचं रक्त कुठनं आणायचं?… असलं दुखणं आईकडनं लेकीकडं येऊ शकतंय म्हणाल्या… तवा? तवा नसंल ही तपासणी. आन असती तरी मुडशिंगीच्या बाईला कोण नेणार व्हतं मुंबईला… कुणी नेलं नसतं."

झुंबरबाईंनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे धरला, तिने मानेनेच नको म्हटलं.

"सलमे… ती आळशी नव्हती गं… मला एवढंच सारखं डोक्यात येतंय. येताना बसमधी पण त्येच. तिला उठायचं असंल. रोज सकाळी तिला उठायचं असंल, आन अंग उठत नसंल… कुणाला सांगायची ती? काय म्हणून सांगायची?… व्हय. तुला ठाऊक. तुलाच ठाऊक, मला न्हाय… रड. आता रड जरा. मी हाय हितं."

दळणाच्या बायकांतल्या एकीने पदराने डोळे पुसले. तिने फोनवरच्या बाईला कधी बघितलंही नव्हतं.

मग तारेतून एक वेगळाच सूर आला. आवाज तोच जाड आणि संथ, पण आता तो विचारत होता, एकामागून एक, बाकावर उभं करून विचारावं तसं. हाफिजा आधी बेसावध होती.

"माझं?… माझं काय?… मला काय धाड भरलीय?… केस? ते गळत्यात, पर ते बोरिंगच्या पाण्यानं. अख्ख्या बोळाचं गळत्यात… दुपारची झोप सगळ्यांनाच येती… आगं, गरम पाणी घेते कारण थंडी पडलीय!… पाय?… सुजत्यात जरा. उभं राहून गाद्या शिवल्यावर सुजणारच की… वजन… ते तू दिवाळीत बघितलंस न्हवं."

उत्तरं देता देता तिचा आवाज खाली खाली येत गेला. प्रत्येक उत्तर तिने अगोदरच तयार ठेवलेलं होतं, हे तिचं तिलाच ऐकू येत होतं.

"व्हय… म्हणाल्या त्या. सख्ख्या बहिणीनं पण बघून घ्यावं म्हणाल्या… सांगणारच व्हते की तुला!… न्हाय, रक्त दिलं न्हाय. आज दळण व्हतं, चमनचा खोकला अजून हाय… मागनं देते म्हणाले… भ्या कशाचं? भ्या न्हाय… सलमे, सगळ्यांचं मी बघते, मीच जर…"

अम्मा गेल्यावर घरातली पहिली भाकरी हाफिजाने थापली होती. सलमाची वेणी, सलमाची शाळा, सलमाचं लग्न, सगळं तिने ओढलं होतं. आपण उठू शकणार नाही असा एखादा दिवस येऊ शकतो, हे तिला आकड्यात लिहून नको होतं.

"वरडू नकोस… मोठी मी हाय का तू?… बरं, जाईन… जाईन म्हणते ना… उद्या… आज?… आत्ता?… आगं, दळण…"

तिने झुंबरबाईंकडे बघितलं. झुंबरबाईंनी तिचा डबा आपल्या पायाशी ओढून घेतला.

"बरं बाई. जाते. पर ऐक. एका अटीवर. तू त्यो कागद फाड… आत्ता. खालांच्या समोर… मला दिसत न्हाय म्हणून काय झालं? फोनपाशी धर. ऐकू येऊ दे मला… धरलास?"

हाफिजाने डोळे मिटले. कानात खरखर, मग एक कोरडा, लांब आवाज. मग आणखी एक. मग म्हातारीचं काहीतरी बोलणं, आणि एक हसू, उशिरा आलेलं, जाड.

"आलं… ऐकू आलं… आता आकाराम मास्तरांना सांग, रजा पाहिजे. सर्टिफिकेट मी धाडते, गोळ्यांसंगं, उद्याच्या एसटीनं… हॅलो?… व्हय, व्हय, जाते म्हणाले की!… हॅलो? सलमे?… हॅलो?…"

लाईन तुटली होती. तिने थोडा वेळ रिसीव्हर तसाच धरून ठेवला, मग हळूच जागेवर ठेवला.

"झुंबरबाई, चमनला सांगा, जेवण झाकून ठेवलंय म्हणून."

"कुठं निघालीस?"

"राजारामपुरीला."

झुंबरबाईंनी मोटर सुरू केली. बायका बाजूला सरकल्या, हाफिजाला वाट दिली. बोळाच्या तोंडाशी ऊन पडलं होतं. तिथे ती जराशी थांबली, डाव्या हाताची बाही कोपराच्या वर सारली आणि शीर कुठे दिसते का ते अंगठ्याने दाबून बघितलं.